उत्तरेला गेलेल्या भावाचं पान

जानेवारी महिना होता. उत्तर कोरियाच्या सरकारने जाहीर केलं, की दक्षिणेशी एक होणं हे यापुढे त्यांचं ध्येय नाही. दुकानातल्या टीव्हीवर ही बातमी लागली तेव्हा ओमोनी कोबीला मीठ लावत होत्या. त्यांनी बातमी ऐकली, हात धुतले आणि मला म्हणाल्या, “शुबा, या वर्षी माझ्या भावाचं पान मांडू.”

मी हातातली सुरी ओट्यावर ठेवली. त्यांचा मुलगा तेत्सुओ गल्ल्यावर होता. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. हे वाक्य त्या घरात याआधी एकदाच बोललं गेलं होतं, तेही ओमोनींच्या धाकट्या बहिणीकडून, आणि त्यावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं. आता तेच वाक्य ओमोनींच्या तोंडून आलं होतं. बोलून झाल्यावर त्या पुन्हा कोबीकडे वळल्या.

ही हकीकत सांगायची तर आधी माझं काम सांगायला हवं, आणि ते सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यावर एक सोपं उत्तर काढलंय. पुण्यात कुणी विचारलं की तो म्हणतो, “आमच्या बाईसाहेब मेलेल्यांचं केटरिंग करतात.” समोरच्याचा पुढचा प्रश्न घशातच राहतो. यात खोटं काही नाही.

कावासाकीच्या समुद्राकडच्या भागात, जिथून कारखान्यांची धुराडी दिसतात, तिथे कोरियन लोकांची जुनी वस्ती आहे. त्या वस्तीत ओमोनींचं दुकान. ओमोनी म्हणजे आई. सगळी गल्ली त्यांना याच नावाने हाक मारायची. रोज किमची, म्हणजे तिखट लावून आंबवलेला कोबी, आणि तोंडीलावणी विकायची, आणि ऑर्डर आली की कुणाच्या तरी बापाच्या, आजीच्या, सासऱ्याच्या पुण्यतिथीचं पान तयार करून घरी नेऊन मांडायचं. पान म्हणतेय ती आपली सवय. असतं ते टेबल, हातभर उंचीचं, आणि त्यावर पाच रांगांत तीसेक पदार्थ.

मिलिंद दोन वर्षांच्या कामासाठी कावासाकीत आला. ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत. मी पुण्यात ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवत होते. इथे आल्यावर पहिलं वर्ष पुस्तकं वाचण्यात आणि कचऱ्याचं वर्गीकरण शिकण्यात गेलं. मग लेक शाळेत रुळली, जपानीतून मला दुरुस्त करायला लागली, तेव्हा वाटलं, आपणही काहीतरी बाइतो बघावा. इथे अर्ध्यावेळच्या नोकरीला बाइतो म्हणतात. ओमोनींच्या दुकानाच्या दारावर हाताने लिहिलेली पाटी होती. ‘मदतीला बाई हवी. येता-जाता तोंडात टाकणारी नको.’

मुलाखत उभ्या-उभ्याच झाली.

“मासे खातेस?” ओमोनींनी विचारलं.

“नाही.”

“मांस?”

“नाही.”

“अंडं तरी?”

“तेही नाही.”

त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. “मग जिवंत कशी आहेस?”

मी म्हटलं, “वरण-भातावर.” वरणाचं जपानी मला येत नव्हतं, म्हणून डाळीचं सूप म्हटलं.

“म्हणजे मी मासा तळायला दिला तर तू चाखून बघणार नाहीस?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

“उद्यापासून ये,” ओमोनी म्हणाल्या.

पितरांच्या आधी कुणी चव घ्यायची नाही, हा त्यांच्या स्वयंपाकघराचा पहिला नियम होता, आणि आधीच्या तीन बाया त्यावरूनच गेल्या होत्या. शाकाहारामुळे मासे तळायची नोकरी मिळालेली मी जगातली बहुधा एकटीच. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नसतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. दुकानात लसणाचा वास भिंतींत मुरलेला, पण पितरांच्या जेवणात लसूण नाही, तिखट नाही. त्यासाठी तवा वेगळा, सुरी वेगळी, फडकं वेगळं. मिलिंदला मी सांगितलं, की सोवळ्यातला तवा आहे. तो म्हणाला, “सोवळ्यात मासे. आईला फोनवर सांगू नकोस.”

बाकी नियम शिकायला मात्र वेळ लागला. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. पीच वर्ज्य, कारण पीचला आत्मे घाबरतात. जिवंत माणसाला वाढताना भात त्याच्या डावीकडे आणि सूप उजवीकडे. मेलेल्या माणसासाठी उलट. नमस्कार जमिनीला कपाळ टेकवून. जिवंत वडीलधाऱ्यांना एकदा, मेलेल्यांना दोनदा. हे उलट करणं मला परकं वाटलं नाही. वडिलांच्या श्राद्धाला भावाने जानवं उजव्या खांद्यावर घेतलेलं मी पाहिलं होतं.

जिथे परकं वाटायला हवं होतं तिथे वाटलं नाही, आणि तिथेच मी चुकले. पहिलं पान मी एकटीने मांडलं ते सेन्सेंच्या घरी. सेन्से म्हणजे मास्तर. कोरियन मुलांच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, आणि ती शाळा उत्तरेकडे कल असलेली. त्यांच्या वडिलांची पुण्यतिथी होती. मी टेबल कुठे ठेवायचं याचा विचारही केला नाही. पितर दक्षिणेला असतात हे माझ्या हाडामांसात इतकं बसलेलं, की मोबाइलवर दिशा बघितली आणि वडिलांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावून पाचही रांगा चोख मांडल्या. सेन्से आंघोळ करून आले आणि दारातच थबकले.

“शुबादा-सान, ही कुठली दिशा?” माझ्या नावातला ‘भ’ इथे कुणाच्याच तोंडी बसत नाही.

“दक्षिण,” मी अभिमानाने म्हटलं.

“माझा बाप तिकडे कशाला बसेल?”

मी घाईघाईने तबकं उचलू लागले. तेव्हा ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले आणि म्हणाले, “राहू द्या. तसा तो होता दक्षिणेचाच.” मग त्यांनी मला नियम सांगितला. टेबल उत्तरेला हवं हे खरं. पण घर कसं आहे, भिंत कुठे आहे, हे ज्याच्या-त्याच्या नशिबावर. म्हणून पितर ज्या दिशेला बसतात तिला उत्तर म्हणायचं. बाकीच्या दिशा तिथून मोजायच्या. होकायंत्र काय म्हणतं ते त्याचं त्याला लखलाभ.

इथे थोडं थांबून सांगते, कारण मलाही हे उशिरा कळलं. जपानमधले जुने कोरियन लोक जवळपास सगळे मूळचे दक्षिणेच्या किनाऱ्याचे. कोरिया जपानच्या ताब्यात असताना त्यांचे आजे-पणजे इथल्या खाणींत, कारखान्यांत आले. युद्ध संपलं, मागे राहिलेल्या देशाचे दोन तुकडे झाले, आणि इथल्यांना, ज्यांची घरंदारं एकाच बाजूला होती, विचारलं गेलं, की तुम्ही कुणाचे? कुणी उत्तर निवडली, कुणी दक्षिण. ही रेष मग इथल्या गल्ल्यांतून, लग्नांतून, स्वयंपाकघरांतून गेली. मी कॉलेजात फाळणी शिकवायचे. ‘कारणे लिहा’ या प्रश्नाला मुलं पाच मुद्दे लिहीत आणि मी मार्क देत असे. घरातल्या भांड्यांच्या वाटणीपर्यंत हा प्रकार पोचतो, असा मुद्दा कुणी लिहिला नव्हता. लिहिला असता तर मी बहुधा खोडला असता.

ओमोनींच्या वडिलांना वर्षातून एकदा, एकाच संध्याकाळी, दोनदा जेवावं लागे. एकदा कावासाकीत थोरल्या मुलीकडे आणि एकदा योकोहामात धाकटीकडे. दोन्हीकडचं जेवण मीच करायची. आधी इथलं टेबल, मग तेत्सुओ आणि मी गाडीतून दुसरं घेऊन योकोहामाला. तेत्सुओ त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मावशी दारातच सुरू करायच्या.

“तिकडच्या नासपती केवढ्या होत्या?”

“एवढ्याच.”

“दाखव. खोटं बोलू नकोस. ताईने मोठ्या ठेवून घेतल्या असतील.”

परत आलो की ओमोनी भांडी घासता घासता विचारायच्या, “बसलीय का अजून फुगून?”

“बऱ्या आहेत.”

“तुला तिची तब्येत कुणी विचारली? नमस्कार नीट केला का दोनदा? तिचे गुडघे वाकतात ना?”

तेत्सुओ याला सीमेवरची टपालसेवा म्हणायचा. त्याची बायको जपानी, मुलगा बेसबॉलवाला. दोन्ही कोरिया एक झाले तर काय होईल, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “पेट्रोल वाचेल.”

दोघींचं बिनसलं ते भावावरून. हा त्यांचा थोरला भाऊ. ओमोनी लहान असताना, तो नुकता शाळा संपवून इंजिनिअर व्हायची स्वप्नं बघत होता. तेव्हा निइगाताच्या बंदरातून उत्तर कोरियाला बोटी जात. तिथे शिक्षण फुकट, नोकरी पक्की, अपमान नाही, असं सांगितलं जायचं, आणि इथे कोरियन पोराला कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या कामापलीकडे कुणी उभं करत नसे. तो गेला. घर दक्षिणेचं, जन्म जपानचा, आणि गेला उत्तरेला. पुढे त्याची पत्रं येत. स्वेटर पाठवा, घड्याळ पाठवा. ही मंडळी पाठवत. मग पत्रं यायची थांबली, मग बोटी थांबल्या.

आई वारल्यावर धाकटी म्हणाली, “ताई, आता दादाचंही पान मांडू. किती वाट बघायची?” ओमोनी म्हणाल्या, “पत्र थांबलं म्हणजे पोस्ट बंद पडलं. माणूस नव्हे.” त्यापुढे जे बोललं गेलं ते मला दोघींकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं, पण शेवटची दोन वाक्यं दोघीही सारखीच सांगत. इथे राहणाऱ्या परक्या माणसाकडे एक कार्ड असतं, त्यावर देश लिहिलेला असतो. ओमोनींच्या कार्डावर ‘चोसेन’ होतं. ते उत्तर कोरियाचं नाव नव्हे. तुकडे पडायच्या आधीच्या अख्ख्या देशाचं जुनं नाव ते. ज्यांनी दुसरं काही घेतलं नाही त्यांच्याकडे तेच राहिलं. मावशींनी मात्र दक्षिणेचं नागरिकत्व घेतलं होतं, कारण वडिलांच्या गावी पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला कुणीतरी जायला हवं होतं. तर त्या भांडणात ओमोनी म्हणाल्या, “तू अर्धा देश घेऊन बसलीस.” आणि मावशी म्हणाल्या, “तू तर काहीच घेतलं नाहीस.”

दोन्ही खरं होतं. कार्डावरचा देशच उरला नव्हता, त्यामुळे ओमोनींकडे पासपोर्ट नव्हता. मी दर उन्हाळ्यात म्हणायची, चला पुण्याला. त्या म्हणायच्या, “माझ्या देशाचं काम चालू आहे. झालं की येईन.”

काही वर्षांपूर्वी ते काम होतंय असं वाटलं होतं. दोन्हीकडचे नेते सीमेवर भेटले, हात धरून रेष ओलांडून इकडे आले, पुन्हा तिकडे गेले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जे एकमेकांशी बोलत नसत ते एकमेकांच्या वाटीतलं खात होते. उत्तरेच्या थंड शेवया दुपारपर्यंत संपल्या. सेन्से रडत होते आणि किमचीला दोष देत होते. ओमोनी मध्येच एप्रन काढून बाहेर गेल्या आणि परतल्या त्या चाकांची एक छोटी बॅग घेऊन.

“एवढीशी?” मी विचारलं.

“भावाला आणायला जायचंय. सामान आणायला नाही.”

बॅग त्यांच्या खोलीत कपाटावर गेली आणि तिथेच राहिली. लेबलसुद्धा काढलं नाही.

त्यानंतर केव्हातरी, भाद्रपदात, मी त्यांना सर्वपित्रीचं सांगितलं. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आमच्यात एक अमावास्या असते, म्हटलं. त्या म्हणाल्या, “आमच्यातही आहे. चांद्र नवव्या महिन्याची नवमी. युद्धात गेलेले, समुद्रात गेलेले, सगळे त्या दिवशी जेवतात.” थोडा वेळ त्या मुळा किसत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण तारीख माहीत नसली तरी मेलाय एवढं माहीत असावं लागतं ना?”

मी कोथिंबीर निवडायला घेतली.

अशी सगळी पार्श्वभूमी असताना ती जानेवारीतली बातमी आली. दुसऱ्या दिवशी सेन्से आले. दर नव्या वर्षाला हातात पेला घेऊन ‘पुढच्या वर्षी एक’ म्हणणारा हा माणूस. त्यांनी पाव किलो किमची घेतली, सुटे पैसे मोजून ठेवले आणि म्हणाले, “मी पोरांना नकाशा काढायला लावायचो. एकच रंग भरायचा, मध्ये रेघ दिसली की पुन्हा काढायचा. किती कागद वाया घालवले मी त्यांचे.” ओमोनींनी त्यांना किमची वाढवून दिली. पैसे घेतले नाहीत. “नवव्या महिन्यात या,” म्हणाल्या. “तेत्सुओला विधी येत नाहीत.”

मला तेव्हा ओमोनींचा हिशोब कळला. दोन्ही बाजू निदान तोंडाने एक व्हायचं म्हणत होत्या तोवर त्याही वाट बघू शकत होत्या. ज्या बाजूला भाऊ गेला होता त्या बाजूनेच आता तो शब्द मिटवला. मग त्याला अधांतरी उपाशी किती ठेवायचं?

एक होतील का, असं मला पुण्यात नेहमी विचारतात. इतिहास शिकवलाय म्हणून. इतिहासवाल्याला झालेलं विचारावं, व्हायचं विचारू नये. मिलिंदचं मत असं, की दोन कंपन्या एक करताना जुना डेटासुद्धा जुळत नाही, ही तर माणसं आहेत. मला एवढंच दिसतं, की वस्तीतली तरुण पोरं हा प्रश्न विचारत नाहीत, आणि जे विचारत होते त्यांची पानं मी मांडत आलेय.

मावशींना निरोप द्यायचं काम अर्थातच टपालसेवेकडे आलं. उन्हाळ्यात वडिलांचं टेबल घेऊन गेलो तेव्हा मी सांगितलं, की नवव्या महिन्याच्या नवमीला कावासाकीत तुमच्या दादाचं पान आहे, तुम्हाला बोलावलंय.

मावशींनी नासपतींबद्दल विचारलंच नाही. “कोण म्हणालं? ताई?”

“हो.”

“स्वतःहून?”

“हो.”

“तिची तब्येत बरी आहे ना?” त्यांचा चेहरा पडला होता. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही म्हणाल्या नाहीत. ओमोनींना मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. “जिंकलीय ना ती. आता यायला हवं तिने.”

त्या वर्षी ती नवमी आपल्या पंचांगातल्या खंडेनवमीलाच आली. सकाळी मी नेहमीप्रमाणे दुकानातल्या सुऱ्या, सोवळ्यातला तवा आणि गाडीचं चाक यांना हळद-कुंकू वाहिलं. ओमोनींना हा प्रकार आवडायचा. “लसूण नाही ना त्यात?” एवढंच विचारायच्या. त्या दिवशी त्यांनी मला थांबवून तव्याला स्वतः हात जोडले.

टेबल त्यांच्या दुकानावरच्या खोलीत मांडायचं होतं. खोली अरुंद. फोटो ठेवला ती भिंत उत्तर ठरली. फोटोत भाऊ विद्यार्थ्याच्या टोपीत होता, माझ्या लेकीच्या वयाचा. मी फळांची रांग लावली, भाज्यांची लावली, मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला. नासपती मी मुद्दाम सगळ्यात मोठ्या आणल्या होत्या. भात आणि सूप शेवटी, गरम आणायचं असतं म्हणून मी खाली गेले. तेवढ्यात जिना वाजला. मावशी आल्या.

मी वाट्यांचं तबक घेऊन वर आले तेव्हा टेबलासमोर दोघी गुडघ्यावर बसल्या होत्या. मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मागे सेन्से आणि तेत्सुओ. समोरून टेबलापर्यंत जायला वाट नव्हती. मी मागच्या सरकत्या दाराने आत गेले. फोटोच्या बाजूने, जिथे कधी कुणी उभं राहत नाही, तिथे कपाटाला पाठ लावून वाकले आणि दोन्ही वाट्या ठेवल्या. हाताच्या सवयीने भात माझ्या डावीकडे, सूप उजवीकडे.

“शुबादा-सान,” तेत्सुओ हळूच म्हणाला. “भात.”

मला दिसलं. नेहमी मी समोरून वाढते, तेव्हा माझं डावं ते पितरांचं उजवं. आज मी भावाच्या बाजूला उभी होते, त्यामुळे त्याचं पान जिवंत माणसासारखं वाढलं गेलं होतं. मी गडबडून वाटीला हात घातला. तोच मावशींनी टेबलावरून वाकून माझं मनगट धरलं.

“राहू दे.”

“चुकलंय,” मी म्हटलं.

“राहू दे म्हणते ना.”

ओमोनी त्यांच्याकडे वळल्या. “अगं, तूच ना म्हणत होतीस तो मेलाय?”

“म्हणत होते.” मावशींनी माझं मनगट सोडलं नव्हतं. “तू नाही म्हणत होतीस तोवर मला म्हणता येत होतं. तुझा विश्वास होता ना, मग माझ्याकडे नसला तरी चालत होतं. आता तूच उठून त्याला भात वाढायला निघालीस. मग मी काय करू?”

सेन्सेंनी घसा खाकरला. विधीतला अधिकारी माणूस म्हणून आता ते नियम सांगणार, असं वाटून मी ताठ उभी राहिले. ते म्हणाले, “भात निवतोय.”

तेत्सुओने मद्य ओतलं. ओमोनी उठल्या, पुढे झाल्या, जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. उठून उभ्या राहिल्या. आम्ही दुसऱ्या नमस्काराची वाट बघत होतो. त्या उभ्याच राहिल्या आणि मग जाऊन आपल्या जागेवर बसल्या. एकच नमस्कार. त्यांच्यामागून मावशींनी एकच केला. गुडघे वाकत नव्हते, तरी केला. सेन्सेंनी एकच केला. तेत्सुओने माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारलं आणि त्यानेही एकावर थांबवलं.

“तू काय माझ्या भावाशेजारी उभी राहिलीयस?” ओमोनी मला म्हणाल्या. “इकडे ये, बस. जेवायचं नाही का?”

विधीनंतर तेच अन्न सगळ्यांनी खायचं असतं, आपल्या प्रसादासारखं. मी नेच्याचे कोंब, पालक आणि नासपती खाल्ली. मावशींनी नासपतीची फोड हातात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

“केवढी आहे ही. मला कधी अशी पाठवली नाहीस.”

“गप खा,” ओमोनी म्हणाल्या. मधली जागा केव्हा भरली ते मला कळलं नाही. त्या दोघी कोरियनमध्ये बोलू लागल्या, आणि तेत्सुओला व मला दोघांनाही त्यातलं काहीच कळेना.

ओमोनी पुढच्या फेब्रुवारीत गेल्या. हृदय थकलं होतं, पण त्या ते कुणाला सांगत नव्हत्या. शेवटपर्यंत त्यांच्या कार्डावर ‘चोसेन’ होतं. ते कार्ड तेत्सुओने सरकारी कचेरीत परत केलं. त्यांना पुणे दाखवायचं राहिलं. आमच्या घरचं श्राद्धाचं पान त्यांना एकदा बघायचं होतं, डावीकडची चटणी आणि उजवीकडच्या भाज्या, तेही राहिलं.

मावशींनी कपाटावरची बॅग खाली काढली. लेबल तसंच होतं. अस्थींचा लहान डबा आणि ओमोनींचा एक झगा त्यात ठेवला आणि त्या वडिलांच्या गावी गेल्या. आम्ही हानेदा विमानतळावर सोडायला गेलो होतो. ओमोनींना आयुष्यभर जाता आलं नाही तिथे त्या अशा गेल्या. अस्थींना पासपोर्ट लागत नाही. आत जाताना मावशी मागे वळून म्हणाल्या, “बॅग बरी निवडली होती हं तिने. वर मावते.”

परत येताना गाडीत तेत्सुओ म्हणाला, “पेट्रोल वाचलं.” आणि गाडी बाजूला घेऊन थांबवली.

ओमोनींना जाऊन वर्ष उलटलं. मी हे थोडं थोडं लिहिते आहे, कारण लिहून संपलं की त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही उरणार नाही अशी धास्ती वाटते. दुकान आता किमचीवर चालतं. पानांच्या ऑर्डरी वर्षाला मोजक्या येतात. सेन्से पाव किलो घेऊन जातात, नव्या वर्षाला पेला उचलतात आणि काही म्हणत नाहीत. भावाची बातमी नाही.

नवव्या महिन्याच्या नवमीला दुकानावरच्या खोलीत एक टेबल असतं. त्यावर दोन भात असतात. ओमोनींचा मी समोरून वाढते. मग मागच्या दाराने आत जाते आणि भावाचा त्याच्या बाजूने वाढते.